शंभराला आठ

नोव्हेंबरातला तिसरा रविवार, सकाळचे सव्वासात. प्रश्न भाजलेल्या जवळ्याच्या सतरा ग्रॅमचा होता, म्हणजे त्या दिवसाच्या भावाने साडेआठ रुपयांचा. हजर माणसं पाच: दुकानाचे मालक, त्यांची सून, मी, आणि पावसातून आलेल्या दोन बायका. त्यांतली एक छत्री मिटायला तयार नव्हती. हे सगळं मी त्याच दिवशी घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवलं, म्हणून खात्रीने सांगतो. बाकीचं आठवणीवर आहे, पण आठवणीतसुद्धा मी आकडे वाढवत नाही.

मालकांना गल्लीत सगळे अय्या म्हणतात. मीही म्हणतो. दुकान तिरुवल्लिकेणीत, एकट्या नोकरदारांच्या मॅन्शनांची गल्ली संपून समुद्राकडचा रस्ता लागतो तिथे. दहा फूट बाय सात. विकायचं फक्त करुवाडु, म्हणजे सुकी मासळी: बोटाएवढी नेत्तिली, आपण जिला वाकटी म्हणतो ती लांब चंदेरी वाळै, मोरीचे खारवलेले तुकडे, आणि जवळा. कामाला माणूस नाही. अय्या आणि त्यांची सून, एवढेच. मुलगा अंबत्तूरला फिटर आहे, मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो तिथेच. मी मूळचा रत्नागिरीकडचा. चेन्नईत येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि पहिली चार वर्षं मला जवळा म्हणून जे मिळालं ते अर्धं वाळू होतं. हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवलं, तर हा फिटर म्हणाला, "सार, आमच्या दुकानात या. अप्पा तुमच्याशी मराठी बोलतील."

"तुझे वडील मराठी बोलतात?"

"बोलतात. पण तुमच्यासारखी नाही. जुनी."

पहिल्या भेटीत मी अर्धा किलो जवळा मागितला. अय्यांनी चष्म्यावरून पाहिलं. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा वरच्या बाजूला वळवलेल्या, अंगात बिनबाह्यांची बनियन. "घरांत माणसं किती?"

"तीन."

"मग अर्धा किलो कशाला? कोणाचं लग्न करतां की काय? दीडशे न्या. संपलं की पुन्हा या. मी कुठे जातो?"

मी दीडशे घेऊन परत आलो. दुकानदाराने माल कमी विकला म्हणून त्याचा राग यावा की आदर वाटावा, हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

त्यांची मराठी तंजावरची. 'सगळे' या शब्दाला ते 'अस्के' म्हणतात, वाक्य तमिळच्या चालीवर हेलकावत जातं आणि शेवटी 'की' येऊन टेकतं. त्यांच्या घराण्यातले लोक कधी काळी तलवार घेऊन तंजावरला आले, असं ते सांगतात. वडील नोकरीच्या शोधात चेन्नईला आले आणि एका कचेरीत शिपाई झाले. पगार पुरेना, म्हणून आईने समुद्रकाठच्या कोळीवस्तीतून सुकी मासळी आणून टोपलीतून विकायला सुरुवात केली. नातेवाइकांनी जाणं-येणं बंद केलं. अय्यांना त्याचं काही वाटत नाही. छताला टांगलेल्या वाळैकडे बोट दाखवून ते म्हणतात, "तलवारी अस्के गेल्या. ही राहिली. हिनं घर चालवलं."

आता त्या टांगलेल्या वाळैबद्दल सांगायला हवं, कारण अय्या म्हणजे मुख्यतः ती वाळै.

सुकी मासळी हवेतलं पाणी पिते. मिठाची असली तर जास्तच. चेन्नईची हवा तुम्हाला माहीत नसेल तर एवढंच सांगतो की आमच्या घरात काडेपेटीही डब्यात ठेवावी लागते. पावसाळ्यात शंभर ग्रॅम मासळी घेतली तर त्यात सात-आठ ग्रॅम पाणी असतं आणि पैसे मात्र मासळीचे जातात. सगळीकडे असंच चालतं आणि कोणी तक्रार करत नाही. अय्यांच्या आईला ते पटलं नाही. "पाणी विकायला लॉरीवाले आहेत," हे तिचं वाक्य अय्या अजून म्हणतात, आणि उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लावणाऱ्या गल्लीला ते बरोबर लागतं.

तर त्यांची रीत अशी. मे महिन्यात, कत्तिरीच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ते एक चांगली खारवलेली वाळै गच्चीवर दोन दिवस वाळवतात. वाकवली की काडीसारखी मोडेल अशी झाली की काट्यावर ठेवून शेपटाकडून कात्रीने थोडी थोडी कापत आणतात. बरोबर दोनशे ग्रॅम झाली की थांबतात. मग तिला तांब्याच्या तारेत अडकवून दुकानाच्या मधोमध टांगतात. तिला ते साक्षी म्हणतात. ती विकायची नाही आणि खायची नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं वजन तिचं. दोनशे बारा भरली तर बारा ग्रॅम पाणी, म्हणजे शंभराला सहा. तो सहाचा आकडा पाटीवर खडूने लिहून बाहेर लावायचा. त्या दिवशी शंभर ग्रॅम मागणाऱ्याला एकशे सहा मिळणार, पैसे शंभराचेच. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तीच साक्षी.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दुकानातच उभं राहून कागदावर गणित करून पाहिलं. पैशापर्यंत बरोबर होतं. आमच्या कारखान्यात पाच इंजिनियर आहेत, आणि ओल्या वाळूचं वजन कसं धरायचं यावर त्यांच्या दोन बैठका झाल्या होत्या.

काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, शिक्का मारलेला. तरी वजन करताना ते पंखा बंद करतात. वारा पारड्याला दाबतो, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात सात बाय दहाच्या दुकानात पंखा बंद झाला की गिऱ्हाईक घामाने निथळतं. कोणी कुरकुरलं तर म्हणतात, "तुमचे दोन ग्रॅम वाऱ्यानं नेले तर चालेल कां?" बांधायला तमिळ वर्तमानपत्रच हवं, इंग्रजीचा गुळगुळीत कागद जड असतो. आणि कागद आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मगच त्यात मासळी. इतकं झाल्यावर भावात घासाघीस करायची कोणाची हिंमत होत नाही. एकाने केली होती. अय्यांनी त्याला कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला आणि रस्त्यात डबकं आहे हेही सांगितलं.

मी एकदा त्यांची चूक काढली. जवळा बारीक असतो, वाळैपेक्षा जास्त पाणी पीत असणार, मग दोघांना एकच आकडा कसा? अय्या बराच वेळ मिशीला हात लावून बसले. मग म्हणाले, "सार, तुमचं बरोबर आहे." त्या दिवसापासून ओलसर दिवसांत जवळ्यावर एक चिमूट जास्त येऊ लागली. चिमटीचं वजन ते करत नाहीत. "ते अंदाजाचं आहे. अंदाज नेहमी आपल्या खिशातून करायचा," म्हणाले.

सुनेबद्दल थोडं. ती कडलूरकडच्या किनाऱ्यावरची, मासळी वाळवणाऱ्या घरातली. मराठी लग्नानंतर शिकली, आणि ती सासऱ्यांच्या जुन्या मराठीत तमिळ घालून बोलते. कमी बोलते, पण बोलली की लागतं. नेत्तिली निवडताना तिची बोटं बघत राहावीत. किडकी, वाळूची, ओली अशी तीन ढिगांत न पाहता टाकते. सासऱ्यांना ती इथल्या रीतीने मामा म्हणते, आणि मामांचं तिच्यावर सगळं अवलंबून. सगळं, म्हणजे पाटी सोडून. खडू अय्यांच्या बनियनच्या खिशात असे. तिने कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी पुरट्टासी महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस पडला. पुरट्टासीत इथे पुष्कळ घरांत मासे-मटण बंद असतं, दुकानाला गिऱ्हाईक नसतं, आणि त्या महिन्यात अय्या पोती गच्चीवर नेऊन सगळा माल पुन्हा उन्हात घालतात, साक्षीसकट. त्या वर्षी ऊन मिळालं नाही. मालावर ताडपत्री पडून राहिली. याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी संध्याकाळी माझी बायको चटणीसाठी जवळा भाजत होती. पाव किलो होता, आदल्या दिवशी आणलेला. ती म्हणाली, "हा आज ऐकत नाही. दुप्पट वेळ झाला, अजून चुरचुरत नाही."

"अय्यांचा आहे."

"असेल. तवा काही अय्यांना ओळखत नाही."

मी काटा काढला. स्वयंपाकघरातला हा काटा माझी हौस आहे. मे महिन्यात अय्यांकडून नेलेला पाव किलो जवळा कुरकुरीत भाजल्यावर दोनशे तेहतीस भरला होता, हे वहीत होतं. आज दोनशे सोळा. सतरा कमी. आणि आदल्या दिवशी पाटीवर शून्य होतं, म्हणून वर एक ग्रॅमही आला नव्हता, चिमूटही नाही. बाहेर आठ दिवस पाऊस. मी पुन्हा वजन केलं. दोनशे सोळाच.

"सतरा ग्रॅमसाठी त्या म्हाताऱ्या माणसाला बोलणार आहात?" बायकोने विचारलं.

"तेच ठरवतोय."

"ठरवू नका. नाही बोललात तर रात्रभर कूस बदलाल आणि मला झोपू देणार नाही. उद्या सकाळीच जाऊन या."

म्हणून मी रविवारी सव्वासातला तिथे होतो. पाटीवर शून्य. अय्या खुशीत होते. "सार, बघा. कार्तिकात शून्य. आईच्या वेळेसुद्धा असं झालं नव्हतं. साक्षी म्हणते हवा कोरडी म्हणून."

त्यांच्या मागे भिंतीवरून पाण्याचा ओघळ आला होता.

मी वही उघडली आणि दोन्ही आकडे वाचून दाखवले. मे महिन्यात तव्यावर सतरा ग्रॅम गेले होते, काल चौतीस. आवाज जमेल तितका खाली ठेवला, पण दुकान केवढं ते सांगितलंच आहे. छत्रीवाली बाई माझ्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाली, "सतरा ग्रॅम? सार, तुम्ही काट्यावर बसून जेवता का?"

दुसरी बाई हसली. अय्या हसले नाहीत. सून खाली मान घालून नेत्तिली निवडत होती आणि तिची बोटं थांबली होती. अय्यांनी पंखा बंद केला, साक्षी तारेतून काढली आणि काट्यावर ठेवली. एकशे नव्याण्णव.

"कोरडी आहे की," ते म्हणाले, पण मला नाही, काट्याला.

"मामा," सून म्हणाली, "वाकवून बघा."

वाळलेली वाळै वाकत नाही, मोडते. ही वाकली. ओल्या चामड्यासारखी वाकली, मग मधोमध फाटली आणि आतून तपकिरी भुसा काट्यावर सांडला. त्याबरोबर तीन-चार काळे किडे. वरून कातडी शाबूत होती आणि आत किडीने पोखरलं होतं. जेवढं पाणी साक्षी प्यायली तेवढंच तिचं मांस किड्यांनी खाल्लं होतं, आणि बेरीज दोनशेवर येऊन बसत होती. त्या एका माशाचं ऐकून अय्यांनी भरपावसात शून्य लिहिलं. भिंतीवर ओल होती, हाताला मीठ चिकटत होतं, तरी लिहिलं.

अय्यांनी सुनेला विचारलं, "तू मला कधी सांगितलंस?"

"गेल्याच्या आदल्या बुधवारी पहिल्यांदा," सून म्हणाली. "मग रोज. तुम्ही म्हणालात, साक्षी पगार घेत नाही, ती खोटं कशाला बोलेल म्हणून."

"म्हणालो की."

त्यांनी पाटी उतरवली, बनियनच्या टोकाने शून्य पुसलं आणि मला विचारलं, "सार, शंभराला किती जायला हवे होते?"

मी हिशेब केला. सात पूर्णांक सत्त्याऐंशी आले.

"आठ लिहा. बुधवारपासून कालपर्यंत अकरा दिवस. ती सांगायला लागली तिथून मोजायचं." मग ते छत्रीवालीकडे वळले. "अम्मा, सोमवारी तुम्ही पाव किलो मोरी नेलीत. तुमचे वीस ग्रॅम माझ्याकडे आहेत."

"अय्या, ती मी कधीच खाल्ली. चांगली होती."

"पाणी चांगलं होतं. मासळी कमी होती."

त्यांनी वीस ग्रॅम मोजून बांधून तिच्या हातात दिले. तेव्हा तिने छत्री मिटली.

दुकान त्या दिवसापासून बंद. फळीवर खडूने लिहिलं: देणं फिटेपर्यंत विक्री नाही. दुपारी मुलगा अंबत्तूरची पाळी करून आला आणि त्याने कपाळाला हात लावला. कार्तिकात जाळी कमी टाकतात, ताजी मासळी महाग होते आणि सुक्या मासळीला गिऱ्हाईक येतं. वर्षाचं खरं उत्पन्न याच महिन्यांतलं. घर त्याच्या पगारावर चालत नव्हतं. "अप्पा, बोर्ड लावा ना. ज्याला हवं तो येऊन घेईल. दुकान चालू ठेवा."

"चोरानं बोर्ड लावायचा आणि ज्याचं गेलं त्यानं रांगेत उभं राहायचं?"

"चोरी कुठे केलीत?"

"लहानपणापासून तू पाटी बघतोस. ती नसती तर चोरी नव्हती. सगळे देतात तसंच दिलं असतं. मी पाटी लावली. मी लिहून दिलं." मी त्या वेळी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होतो, कारण यादी करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

उधारी ते करत नाहीत, त्यामुळे नावं कुठेच लिहिलेली नव्हती. अय्यांनी आठवायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो. नावं त्यांना माहीत नव्हतीच. "मॅन्शन, दुसरा माळा, जिन्याजवळची खोली, तेलुगू बोलतो, पायाला बँडेज. नेत्तिली शंभर." "डोळ्याचं ऑपरेशन झालेली पाटी. वाळै दीडशे. नातू आला होता." इथे आजीला पाटी म्हणतात, आणि त्या दुपारी ह्या शब्दाने मी दोनदा लिहायचा थांबलो. जिथे अय्या अडत तिथे सून पुढचं सांगे, मान वर न करता. संध्याकाळपर्यंत एकशे बारा गिऱ्हाइकं झाली, एकतीस किलो चारशे ग्रॅम माल. मग आम्ही पोती वजन करून शिल्लक काढली. गेलेला माल एकतीस किलो आठशे. अकरा दिवसांची विक्री दोन माणसांनी डोक्यातून सांगितली आणि फरक चारशे ग्रॅमचा. आमच्या स्टोअरमध्ये संगणक आहे आणि मी असा ताळा एकदाही पाहिलेला नाही. मला त्या दोघांचा जो अभिमान वाटला तो मी तिथे बोलून दाखवला नाही. अय्यांना चारशे ग्रॅम खुपत होते.

एकशे तेरावी ओळ त्यांनी मला शेवटी लिहायला लावली. "सून. अकरा दिवस."

"ग्रॅम किती लिहू?"

"रिकामं ठेवा."

ती आत भात लावत होती. तिने ऐकलं की नाही मला माहीत नाही.

वाटप नऊ दिवस चाललं. सून टोपलीत पुड्या घेऊन पुढे, अय्या मागे काठी टेकत. दोन संध्याकाळी मीही यादी घेऊन बरोबर होतो. मॅन्शनमधल्या बँडेजवाल्याला वाटलं, आम्ही वर्गणी मागायला आलो. त्याने दार उघडायच्या आधीच "पुढच्या महिन्यात" म्हणून सांगितलं. आठ ग्रॅम नेत्तिली हातात पडल्यावर तो लुंगी सावरत जिन्यापर्यंत आमच्या मागे आला आणि विचारू लागला की यात काही योजना आहे का, कुठे सही करायची का. डोळ्याचं ऑपरेशन झालेली आजी म्हणाली, "दारोदार फिरतोस ते मुलाचं दुसरं लग्न काढलंस का?"

"नाही. मी तुझे बारा ग्रॅम खाल्ले होते."

"मग आणखी थोडे दे, व्याज."

"व्याज नाही. तू काय सावकार आहेस कां?"

तिला बोलण्यात मजा वाटली आणि तिने आम्हाला पाऊण तास सोडलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मात्र येता-जाता ऐकवलं, "अय्या, धंदा करताय की प्रायश्चित्त?" अय्यांनी त्याला नेहमीसारखा नमस्कार केला. सहाव्या दिवशी एक शिवणकाम करणारी बाई बंद दुकानाच्या फळीवर टकटक करत आली. तिच्या पुडीत दोन ग्रॅम जास्त भरले होते, तिने सोनाराकडे वजन करून आणलं होतं. दोन ग्रॅम परत द्यायला आली होती. अय्यांनी ते घेतले. त्या नऊ दिवसांत मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

माझ्या ओळीपाशी आल्यावर मी म्हणालो, "माझे राहू द्या. मला सतरा ग्रॅमने काय होतंय?"

"सार, तुमच्या घरांत काटा आहे म्हणून तुम्ही सोडता. ज्याच्या घरी नाही त्याला मी काय सांगू?" मग म्हणाले, "आणि ते तुमचे नाहीत. भाजलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दोन माळे चढून, गुडघा दुखत असताना. दारातच थांबले. आपल्या अंगाला दुकानाचा वास येतो, म्हणून ते कोणाच्या घरात जात नाहीत. बायकोने आत बोलावलं तर म्हणाले, "अम्मा, काटा इकडे आणा." तिने काटा उंबऱ्यावर ठेवला. त्यांनी खिशातून पुडी काढली. कागद आधी काट्यावर, आकडा शून्यावर, मग जवळा. सतरा. आणि तो जवळा भाजलेला होता.

"नियमानं वीस ग्रॅम होतात," ते म्हणाले. "पण तुमचा तोटा भाजल्यावर दिसला. म्हणून घरी भाजून आणले. वीसचे सतरा झाले."

बायकोने एक उचलून तोंडात टाकला. तो तोंडात मोडल्याचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला. "हा बरोबर आहे," ती म्हणाली. अय्यांनी हात जोडले आणि जिना उतरायला लागले. कॉफी राहिलीच.

आता अडचण पुढची होती. नोव्हेंबरात नवी साक्षी करता येत नाही, ऊनच नाही. दुकान उघडायचं तर पाटीवर काय लिहायचं? अय्यांनी आणखी काही दिवस बंद ठेवायचं काढलं. तेव्हा सून पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "मामा, घरांत तांदूळ शनिवारपर्यंतच आहे. मी सांगते तो आकडा लिहा. चुकला तर सारांच्या तव्यावर कळेल."

तिने पोत्यातली वाळै घेतली, कानाजवळ धरून वाकवली, मग जवळ्याची मूठ आवळून सोडली. "सात."

अय्यांनी सात लिहिलं, पण विश्वास नव्हता. त्या रविवारी शंभर ग्रॅम जवळा आमच्या घरी आला, भाजला, मी मे महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहिला. सात. पुढच्या रविवारी ती म्हणाली नऊ, तव्याने साडेआठ सांगितलं. तिसऱ्या रविवारी दोघांचं सहा. मी वही घेऊन दुकानात गेलो आणि म्हणालो, मधला अर्ध्याने चुकला.

"चुकला नाही," अय्या म्हणाले. "साडेआठाचे नऊ केले. आपल्या खिशातून केले." मग तिच्याकडे पाहिलं. तिने नेत्तिलीच्या ढिगाकडे पाहिलं.

मे महिन्यापर्यंत आकडा तिने सांगायचा आणि अय्यांनी लिहायचा, असं चाललं. गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट मॅन्शनमधून वाढलं. तो बँडेजवाला पाटीपुढे उभा राहून मित्रांना सगळी गोष्ट सांगे, आठ ग्रॅमचे त्याने बोलता बोलता ऐंशी केले होते.

कत्तिरीच्या दुसऱ्या दिवशी अय्यांनी मला निरोप पाठवला, वही घेऊन या म्हणून. मी गेलो तेव्हा पंखा बंद होता. गच्चीवरून उतरवलेली नवी वाळै काट्यावर होती, दोनशे सव्वीस. कात्री सुनेच्या हातात. तिने शेपटाकडून एक तुकडा कापला, मग आणखी एक, मग नखाएवढा. दोनशे. तिने ती तारेत अडकवली. अय्या स्टुलावर मागे भिंतीला टेकून बसले होते.

"यंदा दोघी बघा," ते तिला म्हणाले. "ही एक, आणि तुझी बोटं. दोघींचं जुळलं नाही तर बोटांचं ऐकायचं." त्यांनी बनियनच्या खिशातून खडू काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने हात पदराला पुसले आणि घेतला. पाटीवर तिने शून्य लिहिलं, बाहेर लावली, आणि आत येऊन पंखा सुरू केला.

मग अय्यांनी मला शेवटची ओळ भरायला सांगितली. आता वहीचं ते पान असं आहे. एकशे बारा गिऱ्हाइकांना दोन किलो पाचशे बारा ग्रॅम, पैकी वीस माझ्या बायकोला, भाजून सतरा. ज्यांची आठवण झाली नाही त्यांचे बत्तीस ग्रॅम, दुकानात वरच्या फळीवर डब्यात शिल्लक. सुनेला खडू एक, मिळाला.